निष्कंटक गुलाबाचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपली एक म्हण बजावते. तितकीच जुनी दुसरी म्हण तिच्या नेमके उलट बोलते : खाण तशी माती. गंमत अशी की एकच माणूस या दोन्ही म्हणी वापरतो आणि त्याला त्यांत काही विसंगती जाणवत नाही. एखाद्या थोर पुरुषाविषयी बोलताना पहिली ओठांवर येते. मुलीला स्थळ सांगून आले की दुसरी. म्हणजे ज्याचे मोठेपण आधीच मान्य झाले आहे त्याचे मूळ विचारायचे नाही, आणि ज्याची अजून ओळखही व्हायची आहे त्याला मात्र मुळावरूनच तोलायचे. एखाद्याचे मूळ ठाऊक नसणे हे त्याचे उणेपण आहे काय, आणि ते मूळ शोधण्याचा अधिकार कोणाचा, हे दोन प्रश्न आम्हांला येथे विचारात घ्यावयाचे आहेत.

हे प्रश्न थेट माणसांच्या उदाहरणाने मांडले, की जमीनजुमला, वारसा, भाऊबंदकी, घरोघरीचे जुने सल असे सारे मध्ये येते आणि विचार बाजूला राहतो. म्हणून आम्ही एका फुलझाडापासून प्रारंभ करतो. त्याला ना सातबारा, ना सोयरीक.

फ्रान्समध्ये १८६८ साली बिझो नावाच्या बागाईतदाराने एक वेलगुलाब बाजारात आणला. त्याचे नाव 'झेफिरीन द्रुअँ'. बर्गंडी प्रांतातील सेम्यूर येथील द्रुअँ नावाच्या एका हौशी फुलप्रेमीच्या पत्नीवरून ते दिले गेले, असे सांगितले जाते. झेफिरीन हे नाव आपल्या वाचकांना अगदीच परके वाटू नये. तिसऱ्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेल्या संत झेफिरिनस या पोपमहोदयांच्या नावाचे ते स्त्रीरूप आहे, आणि गोव्यात झेफेरिनो नावाची माणसे आजही भेटतात. या वेलीची फुले गडद राणी रंगाची, सुटसुटीत पाकळ्यांची आणि दाट सुवासाची असतात. भिंतीचा आधार मिळाला तर ती दहाबारा फूट सहज चढते. जिथे इतर गुलाब रुसून बसतात अशा कमी उन्हाच्या भिंतीवरही ती फुलते, आणि एकदा बहरून थांबत नाही, थंडी पडेपर्यंत फुलत राहते. तिची कोवळी फूट तांबूस असते. परंतु जगभर तिची कीर्ती झाली ती एका निराळ्याच कारणाने : तिच्या फांद्यांना काटे नाहीत. हात फिरवावा तर पेरूच्या फांदीवरून फिरवल्यासारखा.

दारावरच्या कमानीवर, मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ, घराच्या पायवाटेला लागून लावायचा गुलाब म्हणून दीडशेहून अधिक वर्षे लोक तिला पसंत करीत आले आहेत. इतका काळ इतक्या अंगणांत वाढलेल्या या वेलीचे आईबाप कोण, हे मात्र कोणालाही सांगता येत नाही. गुलाबांच्या नोंदवह्यांत तिच्या नावापुढे वर्ष आहे, बिझोचे नाव आहे. जनकांचा रकाना रिकामा आहे.

तिच्या नावाचाही असाच गोंधळ. 'बेल दिजॉनेझ', म्हणजे दिजाँची सुंदरी, हे तिचे एक नाव. स्वित्झर्लंडमध्ये ती 'शार्ल बोने' म्हणून वाढली, इटलीत 'इंजेन्योली प्रेदिलेत्ता' म्हणून विकली गेली. प्रत्येक गावाला ती आपलीच वाटली. कोणी फसवण्याच्या हेतूने नवे नाव दिले असेल, कोणी जुने नाव विसरल्यामुळे. पण वेल तीच. आपल्याकडे सासरी आल्यावर मुलीचे नाव बदलीत असत, त्याची येथे आठवण व्हावी.

हा रकाना रिकामा का राहिला, याचे कारण त्या काळच्या बागाईतीच्या रीतीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फ्रान्समधील गुलाबवाले चांगल्या चांगल्या जाती शेजारी शेजारी लावीत आणि परागीकरणाचे काम मधमाश्यांवर सोपवीत. फळे पिकली की बिया पेरायच्या, हजारो रोपांतून एखादे मनात भरले तर ते जपायचे, उरलेली उपटून टाकायची. फळ कोणत्या झाडाचे, एवढे फार तर आठवणीत राही. पराग कोठून आला हे माशीलाच ठाऊक. झेफिरीनच्या आदल्याच वर्षी, १८६७ मध्ये, लियोंच्या गियो नावाच्या बागाईतदाराने 'ला फ्रान्स' हा गुलाब प्रसिद्ध केला. आज फुलवाल्याकडे जे लांब दांड्याचे गुलाब मिळतात त्या साऱ्या घराण्याचा आरंभ त्या फुलापासून धरतात. त्याचेही आईबाप निश्चित सांगता येत नाहीत. म्हणजे ज्याला आपण राजघराणे समजतो त्याच्या मूळपुरुषाचीच वंशावळ कोरी आहे.

पुढे हेन्री बेनेट नावाच्या एका इंग्रज शेतकऱ्याने ही रीत बदलली. हा मनुष्य विल्टशायरचा. गुरांची पैदास करताना वळू आणि गाय यांची जशी काळजीपूर्वक निवड करतात, तशीच त्याने गुलाबांची केली आणि १८७९ मध्ये 'वंशावळयुक्त' अशी जाहिरात करून आपले नवे गुलाब विक्रीस काढले. तेव्हापासून गुलाबाला कूळ चिकटले. ही कल्पना गुरांच्या गोठ्यातून आली, ही गोष्ट आम्हांला पुष्कळ काही सांगून जाते. गोठ्यात वंश विचारतात तो भाव ठरवण्यासाठी.

झेफिरीनची गणना 'बूर्बों' नावाच्या गुलाबांत होते. या घराण्याची कथा हिंदी महासागरातील आहे, आणि तिचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. मादागास्करच्या पूर्वेला रेयुनियन नावाचे बेट आहे. त्या काळी त्याला बूर्बों बेट म्हणत. तेथील मळेवाले शेतांना गुलाबांची कुंपणे घालीत : एक चीनकडून आलेला, बारमाही फुलणारा फिका गुलाबी गुलाब, दुसरा शरदातही बहरणारा दमास्क गुलाब. या दोन कुंपणांमध्ये आपोआप उगवलेले एक रोप १८१७ च्या सुमारास ब्रेओं नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या दृष्टीस पडले. त्याच्या बिया त्याने पॅरिसजवळ न्यूयी येथे, ड्यूक ऑफ ऑर्लेआँचा माळी झाक याच्याकडे पाठवल्या आणि त्यांतून बूर्बों गुलाब युरोपभर पसरले.

ही झाली सर्वमान्य कथा. एलन विल्मॉट या इंग्रज बाईंनी १९१० ते १९१४ या काळात प्रसिद्ध केलेल्या आपल्या गुलाबांवरील ग्रंथात निराळीच हकीकत दिली आहे. बेटावरील एदुआर नावाच्या गृहस्थाच्या विधवेने हिंदुस्थानाकडे निघालेल्या एका फ्रेंच नाविक अधिकाऱ्याला सांगितले की, येताना एखादा दुर्मिळ गुलाब घेऊन या. त्याने आणलेली रोपे तिने पतीच्या कबरीवर लावली. म्हणून तो 'रोझ एदुआर'. कुंपणातला अपघात, की कबरीवरची भेट? दोन्ही कथा एकाच बेटावरच्या, आणि दोन्ही एकाच वेळी पूर्णपणे खऱ्या असू शकत नाहीत. पण एवढे खरे की 'एडवर्ड' या नावाचा बूर्बों गुलाब आपल्या देशात आजही आहे. सुट्या फुलांसाठी, गुलकंदासाठी, गुलाबपाण्यासाठी त्याची लागवड होते, आणि रोपवाटिकांत त्याचा खुंट म्हणून उपयोग करतात. दिमाखदार विलायती गुलाबाचा डोळा ज्या साध्या खुंटावर भरतात तो पुष्कळदा हाच असतो. वर उमललेल्या फुलाचे नाव पाटीवर लिहितात. जमिनीखालून त्याला पाणी पुरवणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही.

झेफिरीनला काटे का नाहीत, याविषयीही तर्क आहेत. पॅरिसच्या बुर्सो नावाच्या फुलवेड्याच्या नावाने ओळखले जाणारे वेलगुलाब बहुधा बिनकाट्यांचे असतात. तेव्हा आईबापांपैकी एक त्या घराण्यातला असावा, असे अनेक जाणकार म्हणतात. पण त्या बुर्सो गुलाबांच्याच जन्माविषयी पुन्हा वाद आहेत. एका तर्काच्या खांद्यावर दुसरा तर्क उभा आहे. आपल्याकडील काही घराणी आपले मूळ थेट पोर्तुगीज सरदारापर्यंत नाहीतर एखाद्या राजघराण्यापर्यंत नेऊन भिडवतात, तेव्हाही शिडी याच प्रकारची असते.

आता काट्यांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण ख्रिस्ती परंपरेत या विषयाला फार जुने स्थान आहे. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आदामाच्या पतनानंतर भूमी काटे आणि कुसळे उगवील असे सांगितले आहे. त्यावरून चौथ्या शतकातील मिलानचे बिशप संत आंब्रोज यांनी असा विचार मांडला की, पतनापूर्वी गुलाबाला काटे नव्हते. ते नंतर आले. पवित्र मरियेला बिनकाट्यांचा गुलाब म्हणण्याची प्रथा याच विचारातून रूढ झाली. आपण जपमाळेला रोझरी म्हणतो, त्या शब्दाचा लॅटिन अर्थही गुलाबांची बाग असाच आहे. असिसीजवळ पोर्तिउंकुला येथे संत फ्रान्सिस यांनी मोहाच्या घटकेला काटेरी झुडपांत स्वतःला झोकून दिले आणि त्या झुडपांचे बिनकाट्यांचे गुलाब झाले, अशी आख्यायिका आहे. तेथील गुलाबवाटिका यात्रेकरूंना आजही दाखवतात.

या परंपरेचा आम्हांला आदर आहे. परंतु तिचा आधार घेऊन कोणी असे म्हणू लागले की, झेफिरीन ही जणू एदेन बागेतून उरलेली निष्पाप फांदी होय, तर ते आम्ही मान्य करणार नाही. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत गुलाबाला काटे नसतातच. लिंबाचा किंवा बोगनवेलीचा काटा हे फांदीचे रूपांतर असते, तो लाकडात रुतलेला असतो. गुलाबाचा काटा सालीवर उगवलेला असतो. बोटाने आडवा दाबला की निखळतो. मराठीत दोहोंना आपण एकच शब्द वापरतो, आणि पायात रुतणाऱ्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळून आले की, असे सालीवरचे काटे उगवण्यामागे निरनिराळ्या वनस्पतींत एकाच जनुक-कुटुंबाचा हात आहे. हे संशोधन सुरू झाले ते वांग्यापासून! देठाला काटे असलेली वांगी आणि काटे नसलेली वांगी आपल्या गृहिणींना चांगली परिचित आहेत. त्या जनुकात बिघाड झाला की काटे नाहीसे होतात. वांग्यात झाले तसेच इतर कित्येक वनस्पतींतही घडले आहे, आणि गुलाबातही तेच जनुक काटे उगवते, असे या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. त्या जनुकाला शास्त्रज्ञांनी दिलेले नाव 'लोनली गाय', म्हणजे एकाकी माणूस, असे आहे. शास्त्रज्ञही कधी कधी कवी असतात.

म्हणजे काटा नसणे हा एखाद्या गुणाचा लाभ नाही. असलेली एक गोष्ट गळून गेली आहे. बिनकाट्यांच्या गुलाबाला सौम्य म्हणणे हे दात पडलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला प्रेमळ म्हणण्यासारखे आहे. नीतीच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा वाटतो. ज्याला बोचताच येत नाही त्याने न बोचणे हा सद्गुण नव्हे. ज्याला सहज बोचता आले असते आणि ज्याने हात आवरला, त्याचे मोल निराळे. शिवाय काटे गेले म्हणून वेल निर्दोष झाली असेही नाही. झेफिरीनच्या पानांवर काळे ठिपके फार पडतात, भुरी लवकर धरते, वारा खेळता नसेल तर तिची पाने गळून जातात. माळ्याला तिचे काटे काढावे लागत नाहीत, पण औषध फवारावे लागते.

या वेलीच्या बिनकाटेपणाची एकदा मात्र न्यायालयात साक्ष झाली आहे, अर्थात कादंबरीतल्या. अगाथा ख्रिस्ती यांची 'सॅड सायप्रस' ही कादंबरी १९४० साली प्रसिद्ध झाली. जिला ती अद्याप वाचावयाची असेल त्या वाचकभगिनीने हा आणि पुढचा परिच्छेद सोडून द्यावा. मेरी जेरार्ड नावाच्या तरुणीचा विषबाधेने मृत्यू होतो आणि एलिनॉर नावाच्या दुसऱ्या तरुणीवर खटला उभा राहतो. त्या घरी आलेल्या नर्सच्या मनगटावर सुई टोचल्याची खूण असते. ती सांगते, दारावरच्या गुलाबाचा काटा लागला. तो गुलाब असतो झेफिरीन द्रुअँ. काटाच नाही तर लागला कोठून? एवढ्या बारीकशा गोष्टीवरून खोटे उघडे पडते. त्या नर्सने विष घातलेला चहा स्वतःही घेतला होता आणि लगेच उलटीचे औषध टोचून घेऊन स्वतःला वाचवले होते.

पण आम्हांला ती कादंबरी आठवते ती दुसऱ्या कारणासाठी. गावकीच्या दृष्टीने मेरी ही एका पहारेकऱ्याची मुलगी. प्रत्यक्षात ती त्या हवेलीच्या श्रीमंत मालकिणीची, विवाहाबाहेर झालेली मुलगी असते. हे तिचे तिला ठाऊक नाही, नर्सला मात्र ठाऊक आहे. मेरीचे मूळ तिने शोधून काढले आहे, आणि या ज्ञानाचा उपयोग ती काय करते? मेरीला मालमत्तेवर हक्क मिळणार हे ओळखून ती तिच्याकडून मृत्युपत्र करवून घेते, ज्यात सारे काही परदेशातल्या एका मावशीला जावे. आणि ती मावशी म्हणजे ती नर्स स्वतःच. ज्या मुलीचे ते मूळ, तिला त्याचा पत्ता नाही. ज्याचा त्याच्याशी संबंध नाही त्याच्या हाती मात्र ते शस्त्रासारखे आले. रहस्यकथा लिहिणाऱ्या बाईंनी एका बिनकाट्यांच्या गुलाबाशेजारी हा प्रश्न ठेवला, तो योगायोग असेल; आम्हांला मात्र तो फार समर्पक वाटतो.

येथवर आल्यावर 'खाण तशी माती' या म्हणीचा विचार करणे सोपे जाते. झेफिरीनची नवी रोपे कशी होतात? छाटाची काडी रोवून, नाहीतर खुंटावर डोळा भरून. बियांपासून नव्हे. याचा अर्थ असा की आज जगातील लक्षावधी बागांत जी झेफिरीन आहे ती १८६८ च्या त्या एकाच झाडाची फांदी आहे. तिला मुले नाहीत. तीच पसरली आहे. येथे खाण तशी माती हे अक्षरशः खरे आहे. पण तिच्या फळातली बी पेरून पाहा. दहा बिया पेराल तर दहा निराळी झाडे होतील. आणि त्यांतले एखादे काटेरी निघाले तर कोणाही माळ्याला नवल वाटणार नाही. बेनेटने आईबाप निवडले, त्यांची नावे लिहिली, तरी एका फळातून निघालेली भावंडे एकमेकांसारखी निघत नसत. त्यालाही शेकडो रोपे टाकून मोजकीच ठेवावी लागत. म्हणजे म्हण खरी आहे ती कलमाच्या बाबतीत. बियांच्या बाबतीत ती निम्मीच खरी आहे. आणि माणूस बीपासून होतो. आपल्यापैकी कोणीही आपल्या आजोबांची छाटाची काडी नाही.

किंबहुना कलमाच्या बाबतीतही म्हण शंभर टक्के टिकत नाही. १९१९ साली उत्तर आयर्लंडमधील डिक्सन यांनी झेफिरीनच्याच एका फांदीवर उमललेले फिके गुलाबी रूप वेगळे करून 'कॅथलीन हॅरप' या नावाने प्रसिद्ध केले. तोच खुंट, तोच रस, तीच मुळे, आणि एक फांदी एके दिवशी आपल्या मनाने निराळी फुलते.

आता माणसांकडे वळू. ख्रिस्तसभेच्या इतिहासात या बाबतीत सगळेच अभिमानास्पद नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. १९१७ च्या कॅनन कायद्यानुसार विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलाला धर्मगुरू होण्याची वाट मोकळी नव्हती. जन्मातील हे वैगुण्य दूर करण्यासाठी त्याला विशेष परवानगी घ्यावी लागे, किंवा त्याच्या आईबापांचा नंतर विवाह झालेला असावा लागे. ज्या कृत्यात मुलाचा काडीचाही सहभाग नाही त्याचा दंड मुलाने भरायचा. १९८३ च्या कायद्याने हा अडसर काढून टाकला. तोही किती उशिरा! मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच पानावर प्रभू येशूची जी वंशावळ दिली आहे तीत तामार आहे, राहाब आहे, परदेशी रूथ आहे आणि उरियाची पत्नी आहे. वंशावळ लिहिणाऱ्याला ही नावे वगळता आली असती; इतर असंख्य स्त्रियांची नावे त्याने वगळली आहेतच. ही चार ठेवली. नाझरेथचे नाव ऐकून नथानेलने नाक मुरडले होते, हेही शुभवर्तमानकाराने झाकून ठेवलेले नाही.

त्याच १९८३ च्या कायद्यातील ८७७ वे कलम आम्हांला विशेष उल्लेखनीय वाटते. अविवाहित मातेच्या मुलाचा स्नानसंस्कार झाला, तर नोंदवहीत तिचे नाव केव्हा लिहावे? तिचे मातृत्व सर्वांना ठाऊक असेल तेव्हा, किंवा ती स्वतःहून लेखी अथवा दोन साक्षीदारांसमक्ष तशी इच्छा व्यक्त करील तेव्हा. पित्याचे नाव सरकारी दस्तऐवजाने सिद्ध झाले असेल किंवा त्याने धर्मगुरू आणि दोन साक्षीदारांसमोर कबूल केले असेल तर. आणि यांपैकी काहीच नसेल तर? केवळ बालकाचे नाव लिहावे. आईबापांचा निर्देशही करू नये. रकाना रिकामा राहील, संस्कार मात्र पूर्ण होईल.

यावर कोणी म्हणेल, मग मूळ विचारूच नये काय? आमचे म्हणणे तसे नाही. विवाहापूर्वी धर्मगुरू वधूवरांचे नाते तपासतात, कारण सख्ख्या चुलत-मावस भावंडांपर्यंतच्या नात्यात विवाह कायद्याने अग्राह्य ठरतो. डॉक्टर घराण्यातील मधुमेहाची चौकशी करतात. या चौकशीला एक हेतू आहे आणि तो हेतू संपला की चौकशीही संपते. परंतु लग्न ठरवताना आपल्या वाड्यावस्त्यांत जी चौकशी चालते ती तेवढ्यावर थांबत नाही. मुलगी दत्तक आहे असे कळताच चांगले जमत आलेले लग्न मोडते, तेव्हा तेथे कोणता रोग टाळला गेला? मुलगी पदवीधर आहे, नोकरी करते, चर्चच्या गायनवृंदात गाते, आजारी शेजारणीला डबा नेऊन देते. हे सारे समोर दिसत असताना ज्यांना कोणी पाहिलेले नाही अशा दोन माणसांवरून तिची किंमत ठरते. बागेत उभे राहून, फूल हातात घेऊन, त्याचा वास न घेता नोंदवही मागण्यासारखे हे आहे.

याच्या उलट बाजूलाही एक चूक संभवते, आणि ती सुशिक्षित, उदार मनाच्या लोकांकडून अधिक होते. मूळ महत्त्वाचे नाही, आम्ही तुला किती प्रेम दिले, मग तुला ते विचारण्याची गरजच काय, असे म्हणून मुलाला गप्प करायचे. येथे गुलाबाची उपमा तोकडी पडते, आणि ती सोडून दिली पाहिजे. झेफिरीनला आपले आईबाप कोण हा प्रश्न पडत नाही. माणसाला पडतो. आरशात पाहताना, आपले बोट असे वाकडे का, आपला आवाज कोणासारखा, हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे, आणि त्याने ते विचारणे ही पालकांविषयीची कृतघ्नता नव्हे. तेव्हा प्रश्न मूळ शोधावे की नाही, असा नसून ते कोण शोधतो आणि कोणासाठी, असा आहे. जो स्वतःचे मूळ शोधतो त्याला आपण वाट करून द्यावी. जो दुसऱ्याचे शोधतो त्याला, तुझे त्यात काय काम, असे विचारावे.

आपल्या देशातील २०२२ च्या दत्तकविधान नियमावलीतही या शोधाची तरतूद आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीला आपल्या मुळाची माहिती मिळावी म्हणून स्वतः अर्ज करता येतो. त्याहून लहान असेल तर पालकांना बरोबर घेऊन. परंतु मूल सुपुर्द करताना जन्मदात्या आईने आपली ओळख गुप्त ठेवावी अशी विनंती केलेली असेल, तर तिची संमती घ्यावी लागते. ती नाही म्हणाली, तर?

या ठिकाणी आम्हांला सोपे उत्तर सापडत नाही. तिकडे एक स्त्री आहे. तिने कोणत्या परिस्थितीत, कोणाच्या धाकाने, किती रडून ते मूल दुसऱ्याच्या हाती दिले असेल. आज कदाचित तिचा संसार आहे, आणि त्या संसारात ही गोष्ट कोणालाही ठाऊक नाही. इकडे तिचेच मूल आहे. दोघांचेही मागणे रास्त आहे. तिचा नकार मोडून तिच्या दारात जाऊन उभे राहण्याचा अधिकार मुलाला आहे, असे आम्हांला वाटत नाही. कादंबरीतल्या नर्सप्रमाणे ज्ञान तेथेही शस्त्र होऊ शकते. पण जे कोणाचेही नाव न उघडता सांगता येते, म्हणजे जन्मगाव, जन्मवेळ, प्रकृतीविषयीची माहिती, आणि आईने मागे काही निरोप ठेवला असेल तर तो, ते कपाटातल्या फायलीत पडून राहू नये. आणि पालकांच्या हाती जे आहे ते तर कोणत्याही अर्जावाचून होण्यासारखे आहे. मूल दत्तक आहे ही गोष्ट त्याला समजू लागल्यापासून घरातच, आईबापांच्या तोंडून कळावी; लग्नाच्या बैठकीत, चौकशी करून आलेल्या एखाद्या पाहुण्याच्या तोंडून कळू नये.